जुन्या इंजिनाला नवे वंगण मानवते काय?

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात एकाच शेतकऱ्याच्या अंगणात तीन पिढ्यांची इंजिने उभी असलेली आढळतात. नदीकाठी किंवा विहिरीवर पाणी उपसणारे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन वडिलांनी घेतलेले असते. पंचवीस-तीस वर्षे राबलेला ट्रॅक्टर थोरल्या भावाच्या हाती असतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो किंवा आळेफाट्यास कांदा पोचविणारी नवी पिकअप गाडी धाकट्याने कर्ज काढून आणलेली असते. एखाद्या वाड्यात जुनी जीप, मॅटॅडोर अथवा ॲम्बॅसडर मोटारही अद्याप चालू स्थितीत दिसते. या सर्वांना वंगण मात्र बहुधा एकाच डब्यातून मिळते, आणि तो डबा कोणता असावा याविषयी एकमत आढळत नाही.

दुकानदार सांगतो की, सर्वांत नव्या वर्गाचे महाग ऑईल घ्या. जे नव्या गाडीला चालते ते जुनीला चालणारच. गावचा मिस्त्री सांगतो की, नवे ऑईल पातळ असते, जुन्या इंजिनाला ते मानवत नाही. पूर्वीचेच जाड ऑईल बरे. शेतकरी दोघांचेही ऐकतो आणि शेवटी जो डबा स्वस्त मिळेल तो उचलतो. या वादात दुकानदार आणि मिस्त्री हे दोघेही अर्धे बरोबर व अर्धे चूक आहेत. जुन्या इंजिनाचे वंगण त्याच्या वयावरून ठरवावयाचे नसून त्याच्या बांधणीवरून व झिजेवरून ठरवावयाचे आहे.

हा प्रश्न किरकोळ नाही. ज्या शिवारात शेतीची वीज रात्रीच्या पाळीत मिळते, तेथे उसात बिबट्याचा वावर असताना रात्री दारे धरावयास जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. अशा ठिकाणी दिवसा पाणी देण्यासाठी राखून ठेवलेले जुने डिझेल इंजिन हे अडगळीचे सामान नसून घरातील माणसांच्या सुरक्षिततेचे साधन आहे. टोमॅटो फळावर असताना ते बंद पडले, तर पिकाचे नुकसान होते आणि इंजिनाचे काम निघाले म्हणजे हंगामाची मिळकत त्यात जाते.

डब्यावरील आकडे व अक्षरे

खताच्या पोत्यावरील १०:२६:२६ हे आकडे आज प्रत्येक शेतकरी वाचू शकतो. मोठा आकडा म्हणजे चांगले खत असे तो मानीत नाही. जमीन कोणती, पीक कोणते व ते कोणत्या अवस्थेत आहे हे पाहून तो खत निवडतो. वंगणाच्या डब्यावरील खूण वाचण्यासाठी याहून अधिक विद्या लागत नाही.

डब्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे ग्रेड. '१५डब्ल्यू-४०' यातील शेवटचा ४० हा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअस तापमानास, वंगण किती दाट राहते ते दर्शवितो. 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे असून त्याच्या आधीचा आकडा थंडीत वंगण किती सहज हलते ते सांगतो. १५डब्ल्यू वंगणाची ही परीक्षा उणे २० अंशांवर व २०डब्ल्यू वंगणाची उणे १५ अंशांवर घेतली जाते. शिवनेरीच्या पायथ्याशी पौषातील पहाट कितीही बोचरी असली, तरी एवढी थंडी या भागात पडत नाही. म्हणून ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू अशा वंगणासाठी जुन्या इंजिनाच्या मालकाने अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्ग. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेने ठरविलेली अक्षरे आपल्याकडील डब्यांवरही छापली जातात. 'एस'ने सुरू होणारा वर्ग पेट्रोल इंजिनांसाठी व 'सी'ने सुरू होणारा वर्ग डिझेल इंजिनांसाठी असतो. पुढचे अक्षर जसजसे वर्णमालेत पुढे जाईल, तसतसा वर्ग नवा समजावा. डिझेलच्या बाबतीत सीएच-४ हा वर्ग १९९८ साली, सीआय-४ हा २००२ साली आणि सीके-४ हा २०१६ च्या अखेरीस आला. पेट्रोलच्या बाबतीत एसएम हा वर्ग २००४ साली व एसपी हा २०२० साली आला.

दाटपणा आणि वर्ग या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नवा वर्ग म्हणजे पातळ वंगण असा समज येथूनच उत्पन्न झाला. सीआय-४ वर्गाचे १५डब्ल्यू-४० वंगण आणि जुन्या वर्गाचे २०डब्ल्यू-४० वंगण ही तापलेल्या इंजिनात एकाच दाटपणाच्या मर्यादेत मोडतात. पातळपणा अक्षरांत नसून आकड्यांत असतो.

मिस्त्रींच्या म्हणण्यातील तथ्य

तथापि, मिस्त्रीचा अनुभव खोटा म्हणून टाकून देणे योग्य होणार नाही. नवे ऑईल घातल्यावर जुने इंजिन गळू लागले किंवा थोड्याच दिवसांत तेलाचा दाब उतरला, असे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याची कारणे मात्र वेगळी आहेत.

जुन्या इंजिनातील बेअरिंगांत व पिस्टनभोवती झिजेमुळे फट वाढलेली असते. नव्या मोटारींसाठी बनविलेले ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असे पातळ वंगण त्या फटीतून निसटते. दाब कमी होतो, रिंगांवरून ऑईल जळू लागते आणि जुन्या सीलमधून गळती सुरू होते. येथे दोष चुकीच्या ग्रेडचा असतो.

दुसरे कारण गाळाचे आहे. वर्षानुवर्षे साध्या, मिश्रद्रव्ये नसलेल्या वंगणावर चाललेल्या इंजिनाच्या तळाशी काजळीचा चिखल साचतो. आधुनिक वंगणात मळ सोडविणारी व तो तरंगत ठेवणारी द्रव्ये असतात. असे वंगण अचानक घातले म्हणजे साचलेला गाळ सुटतो व तळाच्या जाळीत किंवा फिल्टरमध्ये अडकतो, आणि मग बेअरिंगांना ऑईल मिळत नाही. येथेही वंगण वाईट नसते. घर झाडावयास घेतले, पण केर बाहेर काढला नाही, असा हा प्रकार आहे. तळाचे चेंबर उघडून ते व जाळी धुतली, फिल्टर बदलला, पहिले भरलेले नवे ऑईल नेहमीच्या निम्म्या तासांतच काढून टाकले आणि पुन्हा भरले, म्हणजे ही अडचण उरत नाही.

डिझेल इंजिनांपुरता निर्णय

या दोन तालुक्यांतील बहुसंख्य जुनी इंजिने डिझेलची आहेत. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स हा कारखाना स्थापन झाला आणि त्याची लहान इंजिने पश्चिम महाराष्ट्रातील विहिरींवर घरोघरच्या ओळखीची झाली. राजकोट येथे बनलेली संथ गतीची लिस्टर पद्धतीची इंजिनेही पुष्कळ आली. त्यानंतर ट्रॅक्टर आले, डिझेल जीपगाड्या आल्या.

त्या काळच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण फार असे. १९९६ पूर्वी ते १ टक्क्यापर्यंत चालत असे. गंधक जळल्यावर आम्ल तयार होते व ते सिलिंडर आणि बेअरिंगे खाते. ते मारण्यासाठी वंगणात अल्कधर्मी द्रव्ये भरपूर घालावी लागत. ही द्रव्ये जळली म्हणजे राख उरते. आज परिस्थिती पालटली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा दर्जाचे डिझेल मिळते व त्यात गंधक दहा लाख भागांत केवळ १० भाग इतकेच असते. सीके-४ या नव्या वर्गात राखेचे प्रमाण मर्यादित ठेवले आहे, म्हणून ते जुन्या इंजिनाचे आम्लापासून रक्षण करू शकणार नाही, ही शंका पूर्वी रास्त होती. परंतु जुन्या इंजिनातही आज पंपावरील हेच स्वच्छ डिझेल जळत असल्यामुळे त्या शंकेस फारसे बळ राहिलेले नाही.

म्हणून फिल्टर असलेल्या जुन्या ट्रॅक्टरला व डिझेल जीपला, पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर, १५डब्ल्यू-४० ग्रेडचे सीएच-४ किंवा सीआय-४ वर्गाचे वंगण निःशंकपणे वापरावे. त्याच ग्रेडचे सीके-४ मिळाले तरी अपाय नाही. मात्र केवळ नवे अक्षर पाहून त्यासाठी जादा पैसे देण्याचीही गरज नाही. काजळी पेलण्याची व झीज रोखण्याची या वर्गांची शक्ती त्या इंजिनांच्या जन्मकाळी मिळणाऱ्या वंगणापेक्षा निश्चित अधिक आहे. याला एक अपवाद आहे. एफए-४ हा वर्ग पातळ असून तो विशिष्ट नव्या इंजिनांसाठीच आहे. तो जुन्या इंजिनात कदापि घालू नये.

विहिरीवरील लहान इंजिनाचा विचार थोडा निराळा करावयास हवा. संथ गतीच्या कित्येक इंजिनांत तेलाचा पंप व फिल्टर नसतो. दांड्याच्या टोकाची पळी तळातील ऑईल उडविते आणि त्यावरच वंगणाचे काम भागते. पुस्तिकेने ३० किंवा ४० अशा एकेरी ग्रेडचे डिझेल वंगण सांगितले असेल, तर तेच चालू ठेवावे. मळ तरंगत ठेवणारे वंगण येथेही हितकारकच असते. परंतु तो मळ अडविणारा फिल्टर नसल्यामुळे मळासह ऑईल वेळेवर काढून टाकणे हाच एक उपाय उरतो. 'दीर्घकाळ टिकणारे' असे डब्यावर छापले आहे म्हणून अशा इंजिनात ऑईल बदलण्याची मुदत वाढविणे ही घोडचूक होय.

जुन्या पेट्रोल मोटारी

ॲम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि प्रीमियर पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. तरीही हौसेने वा गरजेने सांभाळलेल्या अशा मोटारी व पेट्रोल जीपगाड्या अधूनमधून दिसतात. 'नवे वर्ग जुन्या इंजिनास घातक' ही समजूत मुख्यतः अशाच इंजिनांविषयी आहे आणि येथे तिला काही आधार आहे.

या इंजिनांत कॅमशाफ्टचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासत जातो. त्या घर्षणाच्या जागी धातूचे रक्षण करण्यासाठी वंगणात जस्त व फॉस्फरस यांचे एक संयुग घालतात. पुढे मोटारींच्या धुराड्यात धूर शुद्ध करणारे उपकरण आले. फॉस्फरसमुळे ते निकामी होते असे आढळल्यावर त्याचे प्रमाण घटविण्यात आले. १९९० च्या दशकात ०.१२ टक्क्यापर्यंत असलेली मर्यादा २००४ साली ०.०८ टक्क्यावर आली. नव्या मोटारींच्या टॅपेटांची बांधणी बदललेली असल्यामुळे त्यांना हे चालते. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनाला, विशेषतः नवा कॅमशाफ्ट बसविल्यानंतर, ते अपुरे पडू शकते.

परंतु ही कमाल मर्यादा ५डब्ल्यू-३० यासारख्या पातळ ग्रेडांपुरतीच आहे, ही महत्त्वाची गोष्ट सांगावयाची राहून जाते. २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० अशा दाट ग्रेडांना ती लागू नाही. तेव्हा पुस्तिकेने मान्य केलेली दाट ग्रेड घेतली, म्हणजे दाटपणाचा व फॉस्फरसचा असे दोन्ही प्रश्न बहुतांशी एकदमच सुटतात. जुन्या मोटारीसाठी एसए वर्गाचे 'जुन्या काळचे' वंगण शोधीत फिरण्यात मात्र शहाणपण नाही. त्या वर्गात रक्षक द्रव्येच नसतात आणि १९३० नंतर बनलेल्या बहुतेक मोटारींना ते योग्य नाही, असे त्या संस्थेनेच सांगितले आहे. वंगणाच्या बाबतीत जुने ते सोने नव्हे.

उलट बाजूची चूक

जुन्या इंजिनाची चिंता करताना नव्या गाडीवर अन्याय होतो, हेही नजरेआड करता येत नाही. भारत स्टेज सहा दर्जाच्या डिझेल पिकअप गाडीच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या जुन्या वर्गाच्या वंगणाची राख त्या गाळणीत साचते आणि ती बदलण्याचा खर्च वंगणात वाचविलेल्या पैशाच्या कितीतरी पट असतो. योग्य ग्रेडचे नवे वंगण जुन्या इंजिनात बहुधा चालते, पण जुने वंगण नव्या इंजिनात चालत नाही. मोटारसायकलचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो; तिच्यात मोटारीचे ऑईल घातल्यास क्लच घसरू शकतो. म्हणून एका अंगणात तीन डबे ठेवण्याची वेळ आली तर ते ठेवावेत; तो खर्च वाया जाणारा नाही.

खरा दोष कोठे आहे

वर्गाच्या अक्षरांवर वाद घालण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा इंजिनाकडे पाहण्यात गेला तर पुष्कळ इंजिने वाचतील. बोअर केलेली वा नव्या पिस्टनची इंजिने अकाली कामास येतात, तेव्हा त्यामागे बहुधा सीआय-४ की सीके-४ हा प्रश्न नसतो. सुट्या मापाने घेतलेले, गाळून पुन्हा विकलेले जळके ऑईल. धुळीच्या दिवसांत न धुतलेला एअर क्लीनर. आणि कधी बदलले ते कोणासच न आठवणारे ऑईल, ही तीन कारणे फार मोठी आहेत.

विहिरीवरील इंजिनाला किलोमीटर मोजणारे यंत्र नसते, म्हणून त्याचे श्रम कोणाच्या ध्यानात येत नाहीत. रोज सहा तास चालणारे इंजिन चाळीस दिवसांत २४० तास चालते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार तेवढ्या तासांत १२,००० किलोमीटर अंतर कापील. एवढ्या प्रवासानंतर मोटारीचे ऑईल न बदलणारा मालक विरळा. विहिरीवरील इंजिनाचे मात्र पावसाळा आला तरी तसेच राहते. इंजिनघराच्या भिंतीवर खडूने रोजचे तास लिहिण्यास काहीही खर्च येत नाही.

पट्टी काढून ऑईल पाहण्याची सवयही तितकीच मोलाची आहे. डिझेल इंजिनात ऑईल लवकर काळे होणे स्वाभाविक आहे. त्यावरून ते खराब झाले असे समजू नये. परंतु पातळी आपोआप वाढली व डिझेलचा वास आला, तर ऑईलमध्ये डिझेल उतरत आहे. रंग दुधाळ झाला, तर पाणी शिरत आहे. अशा वेळी जगातील सर्वांत महाग वंगणही उपयोगाचे नाही. आधी बिघाड दुरुस्त करावयास हवा. इंजिन झिजले म्हणून अधिकाधिक दाट ऑईल घालीत जाणे हेही दुखणे झाकण्यासारखे आहे. दाट ऑईलने गळती काही दिवस लपते, पण थंड इंजिन सुरू होताना ते वरच्या भागास उशिरा पोचते आणि झीज वाढते.

गावपातळीवर करावयाचे काम

औषधाच्या बाटलीवरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण शेतकऱ्यास ओळखावयास शिकविण्याचे काम गावोगावच्या कार्यकर्त्यांनी केले आहे. बियाण्याच्या पिशवीवरील खूणचिठ्ठी जपून ठेवण्याची सवयही त्यांनीच लावली. वंगणाचा डबा या शिकवणीतून सुटलेला आहे. तो कारखान्याचा माल, शेतीचा नव्हे, असे समजले गेले. ज्या शेतीत नांगरट, पाणी, फवारणी व वाहतूक ही चारही कामे इंजिनावर चालतात, तेथे हा भेद टिकणारा नाही.

खरीप व रब्बीच्या तयारीच्या सभेत बियाणे आणि खते यांच्याबरोबर अर्धा तास वंगणासाठी ठेवावा. त्यात शेतकऱ्यांनी आपापल्या इंजिनाची पुस्तिका व घरातील डबा आणावा, आणि गावच्या मिस्त्रीलाही सन्मानाने बोलवावे. त्याचा अनुभव आणि पुस्तिकेतील शब्द एकत्र वाचले गेले म्हणजे वाद आपोआप निवळतो. पुस्तिका हरवली असेल, तर निदान चार प्रश्न विचारावेत: इंजिन पेट्रोलचे की डिझेलचे, त्याला फिल्टर आहे की नाही, त्याचे काम अलीकडे निघाले होते काय, आणि मागचे ऑईल किती तास चालले. या उत्तरांवरून निवडलेला डबा क्वचितच चुकेल. बोअर करून नव्या रिंगा बसविल्या असतील, तर सुरुवातीस साधे खनिज वंगण वापरून ते लवकर बदलावे, एवढी एक सूचना त्यात जोडावी.

काढलेले जळके ऑईल ओढ्यात, विहिरीच्या काठी किंवा बांधावर ओतू नये, हेही याच सभेत सांगावयास हवे. कुकडी, मीना व घोड यांचे पाणी पुढच्या गावांनाही प्यावयाचे असते. ते बंद डब्यात साठवून अधिकृत संकलन करणाऱ्याकडे द्यावे. म्हणजे तेच गाळून दुसऱ्याच्या इंजिनात जाण्याचा मार्गही बंद होईल.

सारांश, नव्या वर्गाचे वंगण जुन्या इंजिनाचा शत्रू नाही आणि सर्व दुखण्यांवरचे औषधही नाही. ग्रेड इंजिनाच्या बांधणीप्रमाणे, वर्ग इंधनाप्रमाणे आणि बदलण्याची वेळ तासांप्रमाणे ठरवावी. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर डब्यावरील जाहिरात कोणाच्या लक्षात राहत नाही. भर उन्हाळ्यात दिवसाउजेडी पाणी ओढणारे वडिलांच्या वेळचे इंजिन मात्र साऱ्या घराच्या लक्षात राहते.